टोपी काढल्यावर

अल्ताफ मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही वाजवणाऱ्याला 'अजून एक' म्हटलं नव्हतं. कव्वाली असो, भजन असो, नाहीतर शाळेच्या गॅदरिंगमध्ये पेटी बडवणारा एखादा पोरगा असो, त्यानं थांबायचं ठरवलं की मास्तर टाळ्या वाजवून उठत. घरातही तोच कायदा. अदिबा लहान असताना एकदा टीव्हीवरच्या गाणाऱ्या पोरीला 'अजून एक म्हण ना' म्हणाली, तर दोन दिवस टीव्ही बंद राहिला. शिवी दिली असती तर बिचारी एका चापटीवर सुटली असती.

असल्या कायद्याला हसणारे हसतील. पण बीडच्या बशीरगंजात तीन पिढ्या लग्नाचा बँड चालवणाऱ्या घराला तो उगाच लागू झालेला नव्हता. मास्तर चौदा वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. वडिलांबरोबर, म्हणजे रहीम मास्तरांबरोबर, ते दिंद्रुडकडच्या एका वरातीत खुळखुळा वाजवायला गेले होते. वरात दारी लागली, नवरानवरी उंबऱ्याच्या आत गेली, आणि रहीम मास्तरांनी डोक्यावरची लाल टोपी काढून कॉर्नेटच्या, म्हणजे फुंकायच्या पितळी बाजाच्या, तोंडावर अडकवली. टोपी काढली की वाजवणं संपलं, ही त्यांच्या बँडची रीत. पण नवरदेवाचे मित्र रंगात आले होते. "अजून एक, मास्तर! वाजव बे!" एकाचे चार झाले, चाराचे आठ झाले. रहीम मास्तरांनी टोपी परत घातली. दोन गाण्यांनंतर त्यांचा ओठ फुटला आणि रक्त हनुवटीपर्यंत आलं. नाचणाऱ्यांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. परत येताना टेम्पोत रहीम मास्तर रुमाल ओठाला लावून एवढंच म्हणाले, "वाजवणारानं टोपी काढली की आपण उठायचं, बेटा. दमलेल्याला पुन्हा वाजव म्हणायचं न्हाई." अल्ताफनं त्याच दिवशी कानाला खडा लावला. वाईट एवढंच झालं की तो खडा त्यानं पुढे पोरीच्याही कानाला लावला.

अदिबा एकुलती एक. चालायला शिकली ती दुकानातल्या साईड ड्रमला धरून. सहाव्या वर्षी ती बँडच्या सरावाला बसायची आणि मोठमोठ्या माणसांचा चुकलेला ठेका नुसत्या मानेनं दाखवून द्यायची. क्लॅरिनेटवाला अभिमन्यू म्हणायचा, "मास्तर, आपल्या बँडमदी ठेक्याला पक्की एकच हाय, अन् तिचे दुधाचे दात अजून पडायचेत." मास्तर वरवर "चल बे" म्हणत, पण त्या दिवशी अभिमन्यूला चहाबरोबर भजीही मिळत.

मग ती बारा वर्षांची झाली. एका संध्याकाळी दुकानासमोर ती मन लावून वाजवत होती. रस्त्यानं जाणारे दोनतीनजण थांबले. त्यातला एक ओळखीचा गॅरेजवाला जाता जाता म्हणाला, "पोरगी मोठी झाली आता, मास्तर." एवढंच म्हणाला. वाईट हेतूनं म्हणाला असंही नाही. पण मास्तरांनी तिथल्या तिथे ड्रम उचलून भिंतीवरच्या खिळ्याला टांगला, काड्या घरी नेऊन कपाटावर ठेवल्या आणि पोरीला म्हणाले, "बास आता. अभ्यास कर."

"कावून, अब्बा?"

"बास म्हटलं ना."

कारण सांगितलं असतं तर पोरगी भांडली असती, रडली असती, दोन दिवस जेवली नसती. कारणच दिलं नाही, त्यामुळे तिला भांडायलाही जागा राहिली नाही. बाप लोकांना ही युक्ती कुणी शिकवावी लागत नाही, ती त्यांना आपोआप येते. मास्तरांची बायको हुस्ना मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. जिभेला मिरची लावूनच ती जन्माला आली होती. "वा रे मास्तर," ती म्हणाली, "बँड तुमचा, पोरगी तुमची, अन् अक्कल त्या गॅरेजवाल्याची."

अदिबा गच्चीवर बादली उलटी घालून दोन लाकडी चमच्यांनी वाजवायला लागली. खाली ओसरीत बसलेल्या मास्तरांना रोज संध्याकाळी ते ऐकू यायचं. त्यांनी ते बंद केलं नाही. पण 'खाली ये आणि ड्रमवर नीट वाजव' असंही चार वर्षांत एकदा म्हणाले नाहीत.

दहावीला अदिबाला एक्याण्णव टक्के पडले. मास्तरांची छाती अशी फुगली की त्यांनी भर दुकानात, अभिमन्यूच्या साक्षीनं जाहीर केलं, "माग, काय मागायचं ते." मनात स्कूटीची धास्ती होती. पोरगी म्हणाली, "डिसेंबरात पुण्याला सातवा मैलचा कार्यक्रम हाय. मला न्या."

सातवा मैल ही काय भानगड आहे ते मास्तरांना मोबाइलवर दाखवण्यात आलं. पाच जणांचा रॉक बँड. पुढे चार दाढीवाले, आणि मागे ड्रमच्या ढिगात बसलेली आरोही नावाची एक मुलगी. "यांच्या कपड्याचं काही ठरलेलं न्हाई का?" मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला. "आमच्यात एकाच्या कोटाचं बटण तुटलं तरी मी त्याला वरातीत घेत न्हाई." पण ती मुलगी वाजवायला लागली तसे ते गप्प झाले. मोबाइलला थकवा नसतो म्हणून असेल, तेवढा भाग त्यांनी दोनदा पाहिला. "हात चांगला हाय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला अभिमन्यूला अकरा वर्षं लागली होती.

डिसेंबरातल्या त्या रविवारी बँडला एका लग्नाची सुपारी होती. मास्तरांनी ती अभिमन्यूवर सोपवली. पहाटेच्या एसटीनं निघायचं होतं. हुस्नानं भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी बांधून दिली. "मी न्हाई येत त्या दणदणाटात, तुमी बापलेक या जाऊन," ती म्हणाली. अदिबा चपला घालत होती तेव्हा मास्तरांनी स्टुलावर चढून कपाटावरचा फडक्यातला जुडगा काढला. त्यात त्या संध्याकाळी ठेवलेल्या, रहीम मास्तरांच्या शिसवी काड्या होत्या. त्यांनी त्या पोरीच्या पाठपिशवीत घातल्या. चार वर्षांनी माफी मागायची त्यांची ही रीत होती. अदिबाला ती कळली. तिनं पिशवी पाठीवर न घेता छातीशी धरली.

आष्टी मागे पडली तेव्हा उजाडलं होतं. मास्तरांचा जरा डोळा लागला होता, तोच पोरगी हळूच म्हणाली, "अब्बा, ते शेवटी 'गच्ची' वाजवतात. ते गाणं आरोही ताईचंच हाय. त्याच्यात ती ड्रम सोडून बादली घेऊन पुढं येती अन् विचारती, काड्या कुणाजवळ हायत? ज्यांच्याजवळ असतील त्यातल्या एकाला वर बोलवती. नाशकाला माझ्याएवढ्याच पोरीला बोलवलंतं."

"बादली?"

"बादली. उलटी घातलेली."

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर उसाच्या बैलगाड्या कारखान्याच्या रस्त्याला लागल्या होत्या. मग ते म्हणाले, "तुला बोलवलं तर जाशील?"

"तुमी जाऊ दिलं तर."

"जा," मास्तर म्हणाले.

तिथून पुण्यापर्यंत अदिबाची बोटं पिशवीवर थांबली नाहीत. मास्तरांनी मनातल्या मनात मात्रा मोजल्या. एकही इकडची तिकडे झाली नव्हती.

शहराबाहेरचं ते छताचं स्टेडियम बघून मास्तर क्षणभर उभेच राहिले. बीडच्या सगळ्या मंगल कार्यालयांतलं वऱ्हाड एका दिवशी आणून ओतलं असतं तरी ते निम्मं रिकामं राहिलं असतं. दारावर काड्यांवरून अडवलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "ही लाकडं न्हाईत बाबा, वाजवायच्या काड्या हायत. माझ्या वडिलांच्या." आतला मोठा साहेब हसून म्हणाला, "गच्चीसाठी का? सोडा त्यांना." मग दोघांच्या मनगटाला कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि बजावून सांगितलं की एकदा बाहेर गेलात की परत आत सोडणार नाही. मास्तरांनी मान डोलावली. मध्येच उठून कोण कशाला जाईल?

अदिबानं दोन वाजताच आणल्यामुळे त्यांना कठड्यापासून तिसऱ्या ओळीत उभं राहता आलं. पाच वाजता सुरू झालं आणि पहिल्याच ठोक्याला मास्तरांच्या बरगड्या हलल्या. त्यांच्या कानाच्या पाळीत सकाळचा अत्तराचा फाया होता. त्यांनी तो दोन तुकडे करून दोन्ही कानांत कोंबला आणि पोरीच्या मागे, पाय रोवून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. तिला कुणाचा धक्का लागू नये म्हणून. अडीच तास ते तसेच उभे होते. पाय भरून आले, पण आनंदही झाला, खोटं का सांगायचं. पोरगी नाचत नव्हती, ओरडत नव्हती. ती फक्त त्या मुलीचे हात बघत होती, आणि मास्तर पोरीची मान बघत होते. सहाव्या वर्षी हलायची तशीच ती मान हलत होती.

आणि मास्तरांना आणखीही एक गोष्ट दिसत होती, जी तिथे जमलेल्या बारा हजार माणसांत फार थोड्यांना दिसली असेल. ड्रमवरची मुलगी दमली होती. तिच्या दोन बोटांना पट्टी होती. दोन गाण्यांच्या मध्ये ती डाव्या हातानं उजवं मनगट दाबत होती. शेवटच्या दोन गाण्यांत तिचा ठेका केसभर मागे पडायला लागला होता. मास्तरांचा जीव हळहळला. बास करा रे आता, लेकराचा हात जाईल, असं त्यांच्या मनात आलं.

आणि त्यांनी खरंच बास केलं. गाणाऱ्यानं डोक्यावरची काळी टोपी काढून हवेत फिरवली. आरोहीनं काड्या ड्रमवर आडव्या ठेवल्या. पाचही जण वाकले आणि मनगट धरून ती मुलगी सगळ्यांत शेवटी आत गेली. स्टेजवर अंधार झाला.

मास्तरांनी समाधानानं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागून आवाज उठला. "वन्स मोअर! वन्स मोअर!" आधी शेदोनशे, मग हजार, मग सगळं छत. पाय आपटत होते, शिट्या मारत होते.  पस्तीस वर्षं मागे, मांडवाच्या दिव्यात, लाल टोपी परत डोक्यावर चढवणारा बाप त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. आणि बघतात तो आपली पोरगी, दोन्ही हात तोंडाभोवती धरून, "वन्स मोअर" ओरडतेय.

त्यांनी तिचं मनगट धरलं. "चल."

"अब्बा! गच्ची राह्यलंय!"

"राह्यलं तर राह्यलं. ती पोरगी बघितली का? हात धरून गेली ती. थकलेत ते लोक."

"ते परत येतात, अब्बा. दरवेळी येतात. आधी आत जातात अन् मग..."

"तू मला शिकवतीस? सत्तर वरसं झाली आपल्या घराला या धंद्यात. टोपी काढल्यावर आपल्या मनानं कुणी येत न्हाई. जबरदस्तीनं येतं."

"पाच मिनटं थांबा. फक्त पाच."

"आपल्या घरातली पोर असं ओरडणार न्हाई. चल म्हटलं ना."

म्हटलं ना. चार वर्षांपूर्वीचा शब्द. तो कानावर पडताच अदिबाचं तोंड मिटलं. तिनं हात सोडवून घेतला असता तर? तिथेच बसकण मारली असती तर? मास्तरांनी पुढे कित्येकदा याचा विचार केला. गर्दी तिच्या बाजूची होती, बापाचं कुणी ऐकलं नसतं. पण ती आली. बाराव्या वर्षी जशी गप्प झाली तशीच गप्प होऊन, खाली बघत, बापाच्या मागे आली. वाटेत एक चष्मेवाला पोरगा म्हणालाही, "काका, कुठे निघालात? खरं तर आत्ता सुरू होणार!" मास्तरांना तो आगाऊपणा वाटला. त्यांच्या जागेवर दुसरी माणसं केव्हाच सरकली होती.

बाहेर थंडी होती. दार मागे बंद झालं. मास्तर जरा मोकळे होऊन म्हणाले, "बरं झालं, गर्दीच्या आधी निघालो. आता एसटी निवांत मिळंल." ते बोलत असतानाच आतून गजर उठला, सबंध इमारत गरजली म्हणा ना. मग एकदम चिडीचूप. आणि त्या शांततेत, एवढ्या मोठ्या भोंग्यांतून, ठक ठक असा साधा आवाज आला.

मास्तरांना ओळखायला दुसरा ठोका लागला नाही. बादली होती ती. चार वर्षं रोज संध्याकाळी डोक्यावरच्या गच्चीतून ऐकलेला आवाज ते कसा विसरतील? ठेका सावकाश चढत गेला, थांबला, आणि एका मुलीचा धापा टाकणारा, पण हसरा आवाज भिंतीपलीकडून आला, "काड्या कुणाजवळ आहेत?"

अदिबाच्या पिशवीतून दोन शिसवी टोकं बाहेर आली होती.

मास्तर दाराकडे धावले. तिथे अदिबापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी असेल अशी एक मुलगी उभी होती. "ताई, दोन मिनटं आत सोडा. माझी पोरगी... तिच्याजवळ काड्या हायत. मी न्हाई येत, तिला एकटीला सोडा."

"काका, नाही सोडता येत. पट्टीवरच लिहिलंय."

"माझी चूक झाली, ताई. मला वाटलं संपलं. तिचं काही न्हाई त्याच्यात." बोलता बोलता मास्तरांनी डोक्यावरची जाळीची टोपी काढून हातात घेतली होती, त्यांना स्वतःला कळलंही नाही. "तुमच्या पाया पडतो."

मुलगी कानकोंडी झाली, पण दार तिच्या हातात नव्हतं. मागून अदिबा आली. तिनं बापाच्या हातातली टोपी घेतली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. "चला अब्बा," ती म्हणाली. "लोक बघायलेत."

आत दुसरी बादली सुरू झाली होती. कुणालातरी वर बोलावलं होतं. बापलेक भिंतीशी उभं राहून ऐकत राहिले. नवा हात कच्चा होता. दोनदा ठेका सुटला आणि दोन्ही वेळेला आरोहीनं सांभाळून घेतला. लोकांना काय, लोक ओरडतच होते. मास्तरांना राहवलं नाही. "तुझा सुटला नसता," ते म्हणाले.

जगात कुणी कुणाला याहून वाईट काही बोललं असेल असं त्यांना पुढे कधी वाटलं नाही. पण अदिबा फक्त "हां" म्हणाली.

परतीच्या एसटीत तिनं बापाला खिडकीची जागा दिली, भाकरी सोडून हातावर ठेवली, पाण्याची बाटली उघडून दिली. नगर आलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, "रागावलीस का?"

"न्हाई अब्बा. ऐकू आलं ना बाहेरून."

ती रडली असती तर मास्तरांनी समजूत घातली असती. भांडली असती तर माफीही मागितली असती, मोठ्यानं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही. घरी गेल्यावर हुस्नानं विचारलं, "कसं झालं?" तर अदिबा म्हणाली, "मस्त झालं, अम्मी. अब्बांना पण आवडलं." आणि पाठपिशवीतल्या काड्या फडक्यात गुंडाळून तिनं स्वतःच स्टुलावर चढून परत कपाटावर ठेवल्या. पोरीनं आपल्यावर पांघरूण घातलं, हे मास्तरांना सगळ्यांत जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुस्नाला खरं सांगितलं. ती चिडेल, चार शब्द ऐकवेल, म्हणजे जरा हलकं वाटेल असा त्यांचा हिशेब होता. पण हुस्ना कणिक मळायची थांबली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. तिच्या जिभेवर त्या दिवशी मिरची नव्हती. "बूंद से गई वो हौद से नहीं आती," ती म्हणाली आणि परत मळायला लागली.

मास्तरांनी मग हौद भरायचा प्रयत्न केलाच. अभिमन्यूला बसवून त्याच्या मोबाइलवर असले दहाबारा कार्यक्रम पाहिले. सगळीकडे तेच. आधी आत जातात, लोक बोलावतात, मग येतात. येणं ठरलेलंच असतं, म्हणून तर सगळ्यांत चांगलं गाणं मागे ठेवतात. त्यांची टोपी म्हणजे आपली टोपी नव्हे, एवढी साधी गोष्ट पोरीला माहीत होती आणि तिनं ती तोंडानं सांगितलीही होती. सातवा मैलचा पुढचा कार्यक्रम जिथे असेल तिथे तिला न्यायचं त्यांनी ठरवलं. पण मार्चमध्ये बातमी आली की बँड मोडला, जो तो आपापल्या वाटेनं गेला. मास्तरांनी तेव्हा खिळ्यावरचा साईड ड्रम उतरवला, दोन दिवस बसून त्याचा पडदा बदलला, कड्या घासून लख्ख केल्या आणि पोरीच्या खोलीत नेऊन ठेवला. "शुक्रिया, अब्बा," ती म्हणाली. त्यावर तिनं कपड्यांच्या घड्या ठेवल्या. गच्चीतली बादलीही केव्हाच सुलटी होऊन धुण्याला लागली होती. मास्तर संध्याकाळी ओसरीत बसत आणि वर बघत. वर काही वाजत नसे.

आपणहून तिनं त्यानंतर बापाकडे काही मागितलं नाही. पालीच्या धरणावर मैत्रिणींबरोबर जायचं असलं तरी ती अम्मीला विचारी. बोलणं गोड, वागणं सरळ, एक अक्षर उलट नाही. शेजारच्या बायका हुस्नाला म्हणत, अशी पोरगी नशिबानं मिळते. मास्तर ते ऐकून आत उठून जात.

बारावी झाली. संभाजीनगरला फार्मसीला नंबर लागला. निघायच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, हुस्ना तिची बॅग भरत होती. मास्तर दारात आले. दीड वर्षं मनात राहिलेलं त्यांनी एकदाचं बाहेर काढलं. "बेटा, जायच्या आधी एकदा वाजव. माझ्यासाठी."

अदिबानं बापाकडे पाहिलं. मग कपड्यांच्या घड्या उचलून पलंगावर ठेवल्या, ड्रम घेतला आणि गच्चीवर गेली. मास्तर काड्या घेऊन मागोमाग गेले आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसले. पावसानं चार दिवस उघडीप दिली होती. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी हलत होत्या.

तिनं सुरुवात अगदी हळू केली. आधी काड्यांची टोकं नुसती पडद्याला लागत होती. मग ठेका उभा राहिला. रहीम मास्तर नवरीच्या पाठवणीला वाजवायला लावत तो सावकाश ठेका, त्यातून लग्नाच्या वरातीचा, आणि मग एकदम, कडेच्या लाकडावर, ठक ठक, बादलीचा.  दीड वर्षं हात लावला नव्हता तरी पोरीचा हात बसला होता. नव्हे, पूर्वीपेक्षा भारदस्त झाला होता. खालून जाणारा एक सायकलवाला थांबून वर बघायला लागला. बघू दे, मास्तरांच्या मनात आलं, सगळ्या बीडला बघू दे. आणि त्याच वेळी हेही आलं की हे बारा हजार माणसांना ऐकवायचं होतं, आणि दार आपण आपल्या हातानं लावून घेतलं.

अदिबानं शेवटचा ठोका दिला, तळव्यानं पडदा दाबून आवाज थांबवला आणि काड्या ड्रमवर आडव्या ठेवल्या.

मास्तरांचे डोळे भरून आले होते. ओठ हलले, आणि जे पस्तीसछत्तीस वर्षांत कुणाला म्हटलं नव्हतं ते बाहेर पडलं. "अजून एक," ते म्हणाले. "अजून एकच, बेटा."

 अदिबानं काड्या उचलून फडक्यात गुंडाळल्या आणि बापाच्या मांडीवर ठेवल्या.

"न्हाई अब्बा, थकले मी," ती म्हणाली. "अन् थांबल्यावर पुन्हा वाजव म्हणायचं न्हाई. तुमीच शिकवलं ना?"

मास्तरांनी तिच्या आवाजात टोमणा शोधला. टोमणा असता तर फार बरं झालं असतं. पण पोरीच्या मनात तसं काही नव्हतं. ती खरंच बापानं शिकवलेलं बोलत होती.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि ते उठले.